शेवटचा संपर्क २:१७

मरोळला तिसऱ्या मजल्यावर एसी सर्व्हरसाठी आहे,
आम्ही त्याच्या गारव्यात फुकटचे बसतो.
समोर एकसष्ट हिरवे ठिपके
आणि एक करडा.

बासष्टावा. लालबागची पतपेढी, खिडकी क्रमांक तीन,
वापरणार: वि. रा. घाडीगावकर.
शेवटचा संपर्क दुपारी २:१७.
त्याखाली एक चाक:
पुन्हा जोडत आहे, पुन्हा जोडत आहे,
दीड तास तेच.

घाडीगावकरांचा चेहरा मी पाहिलेला नाही.
डेस्कटॉप पाठ आहे.
न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, असं करत अकरापर्यंत,
मागे कुठल्याशा खाडीचा फोटो, ताणून रुंद केलेला,
त्यामुळे होडीलाही पोट सुटलंय.

पिंग मारून पाहिलं. चारही वेळा ओ दिली.
म्हणजे जिवंत आहे, ऐकतोय,
फक्त बोलत नाहीये.
(आमच्या घरी बाबांचं असंच असायचं,
पण ते तिकिटात लिहायला रकाना नाही.)

फोन लावला.
"साहेब, तुमचा कॉम्प्युटर दिसत नाहीये."
"मला तर दिसतोय," ते म्हणाले, "समोरच आहे."
बंद करून चालू केला का?
"मी कशाला? लाईटनेच केला. मिनिटभर गेली होती."

मग नेहमीचं सगळं.
फायरवॉल: उघडी. पासवर्ड: तोच.
केबल काढून, फुंकर मारून परत लावली,
पुस्तकात नसली तरी आपण सगळेच मारतो ती फुंकर.
सर्व्हिस थांबवली, उठवली.
चाक फिरतच राहिलं.

शेवटी लॉगची शेवटची ओळ वाचायला सांगितली.
त्यांनी ती खातेक्रमांकासारखी वाचली, तोडून तोडून:
"सर्टिफिकेट. नॉट. येट. व्हॅलिड.
म्हणजे मुदत संपली?"
नाही, अजून सुरूच व्हायचीये.
"असं कसं? ठेव ठेवल्याशिवाय पावती कुठून आली?"

मी म्हटलं, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा.
बराच वेळ काही नाही.
नोटा मोजायच्या मशीनची फरफर,
कुणीतरी टोकन एकोणीस पुकारलं, दोनदा.
"एक जानेवारी," ते म्हणाले, "दोन हजार नऊ."

आतला सेल मेला होता, बस.
लाईट गेली आणि यंत्र
त्याला आठवणाऱ्या पहिल्या दिवशी जागं झालं.
तिथून पाहिलं तर आमचा सर्व्हर म्हणजे
पंधरा-सोळा वर्षं पुढची तारीख टाकलेला चेक घेऊन
दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस.
कोण घेईल आत?
बिचारं शहाण्यासारखंच वागत होतं.

"नऊ साली," घाडीगावकर म्हणाले,
"ही खिडकी चेंदवणकरबाईंची.
मी आत. लेजरला."
पुढे काही नाही.
बदलता ना तारीख?
"बदलतो. जरा थांबा."

तिकिटावरचा आकडा पंचेचाळीस मिनिटांना लाल होतो,
तो कधीच झाला होता.
मी लिहिलं: वापरकर्ता व्यस्त,
आणि थांबले.

नंतर सेलचं सांगितलं. घड्याळवाल्याकडे मिळेल,
चपटा, नाण्याएवढा, नंबर वीस बत्तीस.
"दोन हजार बत्तीस?" ते हसले.
"एकदम एवढं पुढं नको."

चारला तीन कमी असताना ठिपका हिरवा झाला.
"आता दिसतोय मी?"
तुमचा कॉम्प्युटर दिसतोय, साहेब.
"हां, तेच," म्हणाले आणि फोन ठेवला.

होडी परत आली. तशीच, जाडी.
फोल्डर मात्र बारा.
बाराव्यात काय आहे ते मला दोन क्लिकवर कळतं,
पगार त्याचाच आहे.
मी माऊस नुसता वर नेला.
छोटी पिवळी चिठ्ठी उघडली:

तयार केल्याची तारीख
१ जानेवारी २००९.